सिनेमाचा जमाखर्च : नांदेड-लातूरकडून बघताना

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लहानपणी तंबूतला सिनेमा पाहिला. जागा मिळाली ती पडद्याच्या मागच्या बाजूला. नावं उलटी उमटत होती, नायक डाव्या हातानं तलवार चालवत होता. रीळ संपलं की अंधार व्हायचा आणि तंबूचा मालक कंदिलाच्या उजेडात नोटा मोजताना दिसायचा. दहाची वेगळी, पाचची वेगळी, चिल्लर टोपीत. सिनेमाला हिशेब असतो हे मला तिथं कळलं.

हा हिशेब शोधायचा तर आपल्याकडच्या चित्रपटकर्त्यांनी स्वतःबद्दल पुष्कळ लिहिलंय. शांतारामबापूंचं ‘शांतारामा’ आहे, भालजींचं ‘साधा माणूस’ आहे, अलीकडं महेश कोठारे यांचं ‘डॅमइट आणि बरंच काही’ आलं. पण या वाटेवर पहिलं पाऊल दादासाहेब फाळक्यांचं. १९१७-१८ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी ‘भारतीय चित्रपट’ ही लेखमाला लिहिली. पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र बघताना आपले राम-कृष्ण डोळ्यांपुढं कसे आले, ते त्यात आहे. विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, सावकाराची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो ते चित्रित करून दाखवावं लागलं, तेव्हा कुठं १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला.

शंभर वर्षांनी चित्र फार बदललं नाही. फक्त दागिन्यांच्या जागी जमीन आली. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी जमीन विकली, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलंय. सिनेमा राष्ट्रीय पुरस्कारांत गाजला आणि २०१५ साली पडद्यावर आला. पण हे उदाहरण ऐकून आपल्याकडचा एखादा पोरगा सातबारा घेऊन निघतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. जमीन विकून केलेल्या, पण न चाललेल्या सिनेमांच्या निर्मात्यांची मुलाखत कुणी घेत नाही.

लातूरचं नाव निघालं की रितेश देशमुख यांचं नाव येतंच. बाभळगावच्या देशमुख घराण्यातल्या या माणसानं निर्माता म्हणून ‘बालक-पालक’, ‘यलो’, ‘लय भारी’ असे एकमेकांशी नातं नसलेले सिनेमे केले आणि २०२२च्या अखेरीस ‘वेड’ दिग्दर्शित केला. ‘बालक-पालक’सारखा लैंगिक शिक्षणाचा विषय पहिल्याच मराठी निर्मितीला निवडणं ही हिंमतच. मात्र त्यांची वाट औसा-उदगीरच्या नवख्याला जशीच्या तशी चालता येणार नाही. नाव आधी असलं की पैसा उभा राहतो. इथं पैसा आधी लागतो.

आपल्या मातीतली खरी गोष्ट ‘पाणी’ची. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीत पाणी नाही म्हणून मुली द्यायला कुणी तयार होईना, आणि तिथल्या एका तरुणानं गावाला सोबत घेऊन पाणी अडवलं. या सत्यकथेवर आदिनाथ कोठारे यांनी पहिला सिनेमा दिग्दर्शित केला, मुख्य भूमिकाही केली. निर्मिती प्रियांका चोप्रांच्या संस्थेची. २०१९ सालासाठीचा पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. चित्रपटगृहात तो लागला १८ ऑक्टोबर २०२४ रोजी. एवढी मोठी निर्माती, एवढा मोठा पुरस्कार, तरी मधे पाच वर्षं! २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लातूर ज्या प्रश्नावर धुमसत होतं, त्यावरचा सिनेमा लातूरकरांपर्यंत यायला इतका उशीर व्हावा, हे मला लागतं.

भाषेचंही तसंच. आमच्याकडं माणूस ‘काय करूलालास?’ असं विचारतो. पडद्यावरचा गावरान नायक मात्र बहुतेक वेळा सातारा-कोल्हापूरकडचं बोलतो, कारण ‘गावाकडची भाषा’ म्हणून ती रुळलीय. नटाला महिनाभर इथं ठेवायचं तर खर्च वाढतो, म्हणून बोली आधी कापली जाते. कलेतले कितीतरी निर्णय असे हिशेबाच्या वहीतच होऊन जातात.

सरकारी अनुदानाचा आधार असतो, नाही असं नाही. ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख ही रक्कम अनेक वर्षं चालत आली. पण ती सिनेमा पुरा झाल्यावर, परीक्षण होऊन. तोवरचं व्याज निर्मात्यानंच भरायचं.

म्हणून नांदेड-लातूरच्या ज्यांनी ज्यांनी लघुपट केला, सिनेमा केला, अर्ध्यात सोडला, त्यांना माझं मागणं आहे. आठवणी लिहा, पण आकड्यांसकट लिहा. जनरेटरचं भाडं किती पडलं, पंगतीला किती लागले, कर्ज कुठल्या दरानं घेतलं, थिएटरातून हातात किती परत आले. फाळक्यांनी सुरुवात करून दिलीय. पुढची पानं तुमची आहेत, आणि ती अजून कोरी आहेत.