साथीचा काळ, वसतिगृह आणि विद्यार्थ्यांचा परतीचा प्रवास

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपणा सर्वांस परिचित आहे. प्रकृती, आहार व वय भिन्न असूनही अनेक माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रस्त होतात, या अग्निवेशाच्या प्रश्नाला आत्रेयांनी वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीचे कारण दिले. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात व्यवहाराची बाजू सांगितली. अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शय्या व आसन, दुसऱ्याची वस्त्रे यांमुळे ज्वरादी व्याधी एकाकडून दुसऱ्याकडे संक्रमित होतात. ही यादी वाचताना विद्यार्थी-वसतिगृहच डोळ्यांपुढे उभे राहते!

सन २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्याने याचा अनुभव घेतला. परदेशातील शैक्षणिक सहलीवरून परतलेल्या शालेय विद्यार्थ्यांमध्ये जूनमध्येच लागण आढळली होती. ३ ऑगस्ट रोजी देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला आणि लवकरच शहरातील शाळा-महाविद्यालये काही दिवसांसाठी बंद झाली. वर्ग बंद करणे योग्यच होते. परंतु वर्ग बंद करणे व वसतिगृह रिकामे करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद संस्थाचालकांच्या ध्यानात येत नाही.

या इन्फ्लुएन्झात लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः एक ते चार दिवस जातात आणि लक्षणांच्या एक दिवस आधीपासून रुग्ण इतरांस बाधा देऊ शकतो. म्हणजे आज धडधाकट दिसणारा विद्यार्थी रात्रीच्या एस.टी.ने गावी निघाला, तर उद्या त्याच्या वृद्ध आजीच्या उशाशी व्याधी पोहोचते. विमानतळावरील तापमापन यंत्रासही असा प्रवासी सापडत नाही. कोविडच्या साथीत हाच काळ दोन ते चौदा दिवसांचा धरला गेला. तेव्हा विलगीकरणाचे दिवस व्याधीनुसार ठरवावे लागतात, मागील साथीचे परिपत्रक नव्या साथीस लावून चालत नाही.

यास्तव साथ येण्यापूर्वीच वसतिगृहातील काही खोल्या राखून ठेवणे, रुग्णाचे जेवण खोलीपर्यंत पोहोचविणे, सहनिवासी विद्यार्थ्याची स्वतंत्र सोय करणे आणि ज्वराची दैनंदिन नोंद ठेवणे, ही व्यवस्था हवी. परदेशी व दूरच्या राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडेच राहिले पाहिजे. मार्च २०२० मध्ये रेल्वे थांबल्यावर त्यांना जाण्यास मार्गच उरला नव्हता. आणखी एक अडचण कोणी बोलून दाखवीत नाही, ती म्हणजे ७५ टक्के उपस्थितीची अट. ज्वर अंगावर काढून वर्गात बसणारा विद्यार्थी बेफिकीर असतो असे नव्हे, त्याला परीक्षेस मुकण्याची भीती असते. साथीपुरती ही अट शिथिल केल्यावाचून रुग्ण खोलीत थांबणार नाही.

आपल्या चिकित्सेविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. लंघन, उष्णोदक, ज्वरघ्न कषाय यांची योजना आपण करतोच. परंतु काढा घेतला म्हणून संक्रमण थांबते, असे आश्वासन विद्यार्थ्यास देऊन त्याला प्रवासाची मुभा देणे हा अपराध होय. श्वासकष्ट, छातीत वेदना, ग्लानी किंवा नीलवर्ण ओठ दिसताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. गर्भिणी, वृद्ध, मधुमेही व दम्याचे रुग्ण यांच्या बाबतीत विलंब मुळीच नको, कारण इन्फ्लुएन्झावरील ओसेल्टामिविर हे औषध लक्षणारंभापासून ४८ तासांच्या आत दिल्यास अधिक उपयुक्त ठरते.

आता प्रवासाविषयी. ज्वर असताना प्रवास नको. इन्फ्लुएन्झात तापावरील औषध न घेता किमान २४ तास ज्वररहित गेल्यावरच रुग्णाने खोलीबाहेर पडावे, आणि त्यानंतरही काही दिवस मुखपट्टी वापरावी. रुग्णाच्या निकट राहिलेल्याने संचयकाल संपेपर्यंत वसतिगृहातच थांबणे श्रेयस्कर. जाणे अपरिहार्यच असेल, तर मुखपट्टी बांधावी, गाडीत खिडकीलगत बसावे, आणि घरी पोहोचल्यावर स्वतंत्र खोलीत निजावे, घरातील वृद्धांपासून व तान्ह्या मुलांपासून दूर राहावे. महाविद्यालयीन वैद्याने त्याच्याजवळ एक चिठ्ठी द्यावी. रुग्णाशी शेवटचा संपर्क कोणत्या तारखेस आला, कोणत्या तारखेपर्यंत वेगळे राहावयाचे आहे व ज्वर आल्यास जवळच्या कोणत्या शासकीय रुग्णालयात जावयाचे, एवढे तीत असले की गावच्या वैद्यास पुढील काम सुकर होते.