दुधाच्या उगमाचा अडीचशे वर्षांचा शोध

स्तन ही मुळात त्वचेतली ग्रंथी, घाम पाझरवणाऱ्या ग्रंथींच्या कुळातली. गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना त्वचेचा जाडसर उंचवटा येतो. माणसात त्यातला छातीवरचा भाग तेवढा टिकतो. काहींना या रेषेवर एखादे जादा स्तनाग्र असते ते त्यामुळेच.

१७५८ मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनीयसने ‘चतुष्पाद’ हा जुना वर्ग मोडून ‘सस्तन’ हा वर्ग मांडला आणि माणूस, वटवाघूळ व देवमासा एका पंक्तीत आले. सहा वर्षे आधी त्याने, तान्ह्याला दाईच्या दुधावर वाढवण्याच्या सधन घरांतल्या चालीविरुद्ध लिहिले होते.

स्तनाची आतली रचना १८४० मध्ये लंडनचे शल्यविशारद ॲस्ली कूपर यांनी दाखवली. शवाच्या दुग्धनलिकांत रंगीत मेण भरून केलेल्या त्या आकृत्यांचा प्रभाव पाठ्यपुस्तकांवर दीड शतक राहिला. स्तनाग्राशी १५ ते २० नलिका आणि दूध साठवणाऱ्या पिशव्या असतात, असे त्यांत शिकवले जाई. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात अंगावर पाजणाऱ्या मातांची सोनोग्राफी झाली, तेव्हा नलिका सरासरी नऊच निघाल्या आणि पिशव्या सापडल्याच नाहीत. दूध साठते ते ग्रंथीतल्या सूक्ष्म कोशिकांत. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटते, कोशिकांभोवतीच्या पेशी आकसतात आणि पान्हा फुटतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर नलिका रुंदावताना दिसतात. बाळाने ओढले नाही, तर तेच दूध मागे फिरते.

उत्क्रांतीचा प्रश्न अधिक अवघड होता. १८७१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मायवर्ट यांनी डार्विनला बिनतोड वाटणारा सवाल केला: त्वचेतून चुकून पाझरलेल्या, जेमतेम पोषक थेंबाने कोणत्या पिलाचा जीव वाचला असेल? पुढच्याच वर्षी डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या सहाव्या आवृत्तीत उत्तर दिले, पण पुरावा तोकडा होता. खरा दुवा ऑस्ट्रेलियातल्या प्लॅटिपसमध्ये होता. हा प्राणी अंडी घालतो, हे १८८४ मध्ये पक्के झाले. त्याच्या मादीला स्तनाग्रे नसतात. दूध पोटावरच्या केसांच्या मुळाशी पाझरते आणि पिले ते तिथूनच पितात. म्हणजे दूध हे स्तनाग्रापेक्षा जुने.

२००२ मध्ये जीवशास्त्रज्ञ ओलाव ऑफ्टेडल यांनी मायवर्टच्या सवालाची बाजूच पालटली. त्यांच्या मते, तीस कोटी वर्षांपूर्वीच्या पूर्वजांची अंडी चर्मपत्रासारख्या पातळ कवचाची होती आणि हवेत सुकून जात. त्वचेचा स्राव आधी त्यांना ओलावा देत असे आणि जिवाणूंपासून राखत असे. पोषण हे मागाहून आलेले काम. जनुकांची साक्षही या मांडणीशी जुळते. जिवाणूंचे आवरण फोडणाऱ्या लायसोझाइमच्या जनुकाची जादा प्रत बदलत जाऊन एक नवे प्रथिन झाले, ज्याच्याशिवाय दुधातली साखर तयार होत नाही. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: बलक घडवणाऱ्या जनुकांचे माणसात फक्त निकामी अवशेष उरले आहेत, तर प्लॅटिपसमध्ये त्यांतले एक शाबूत आहे. दूध आधी आले, बलक नंतर सुटला.

संरक्षणाचे ते जुने काम आजही चालू आहे आणि या साऱ्या कथेतला सर्वांत विलक्षण भाग हाच. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांतले चीकदूध प्रतिपिंडांनी भरलेले असते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. त्यांच्यावर पोसतात ते आतड्यातले उपकारक जिवाणू.

मानवी स्तनाच्या आकाराचे कोडे मात्र सुटलेले नाही. चिंपांझीसारख्या वानरांत स्तन भरतात ते पिलाला पाजण्याच्या काळात. मुलींत ते वयात येतानाच वाढतात आणि कायम राहतात. प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिस यांनी १९६७ मध्ये याला लैंगिक संकेत ठरवले. इतरांनी चरबीच्या साठ्याकडे बोट दाखवले, कुणी केवळ संप्रेरकांचा आनुषंगिक परिणाम मानला. आकार मुख्यतः चरबीने ठरतो, दूध मात्र ग्रंथीच्या ऊतीवर अवलंबून असते; त्यामुळे मोठा स्तन म्हणजे अधिक दूध ही समजूत चूक आहे. मऊ ऊती जीवाश्मांत सहसा टिकत नाही, म्हणून हा बदल कोणत्या पूर्वजात झाला, हे हाडांवरून ठरवता येत नाही.