पेशींची उलटतपासणी

सकाळी 8.30
कॅलिफोर्नियातल्या आमच्या प्रयोगशाळेत पहिला मान कालच्या प्लेटांचा. त्यांच्या छोट्या खळग्यांत लस घेतलेल्यांच्या पेशी डांग्या खोकल्याच्या जंतूच्या प्रथिनांसोबत रात्रभर 37 अंशांवर होत्या. आता त्या धुऊन टाकायच्या. जंतू ओळखीचा वाटला असेल, तर टी-पेशींनी सोडलेली सायटोकाइन्स तळाच्या पडद्यावरच्या अँटिबॉडीला चिकटलेली असतात. त्यांवर दुसरी अँटिबॉडी घालून दोन तास थांबायचं.

9.30
रक्त येतं. नळीवर नाव नाही. कोड, जन्मवर्ष आणि बूस्टरची तारीख. माझी नजर आधी जन्मवर्षावर जाते. अमेरिकेने 1990च्या दशकात अख्ख्या मृत जंतूंची लस बदलून निवडक प्रथिनांची लस आणली. ताप, दंडाची सूज कमी झाली, पण संरक्षण लवकर ओसरू लागलं. 2010च्या साथीत याच राज्यात नऊ हजारांवर रुग्ण सापडले, दहा तान्ही बाळं दगावली.

10.00
रक्त फिकॉल या दाट द्रावणावर अलगद सोडायचं. हात हलला की थर मिसळलेच. मग सेंट्रिफ्यूज, ब्रेक बंद ठेवून. शेवटी वर पिवळा प्लाझ्मा, तळाशी तांबड्या पेशी आणि मध्ये सायीसारखं पातळ कडं. टी-पेशी त्या कड्यात.

12.00
दरम्यान एन्झाइमही देऊन झालेल्या कालच्या प्लेटांत रंगद्रव्य. काही मिनिटांत ठिपके उमटतात. उशीर झाला तर अख्खा तळच काळवंडतो. नळाखाली धरायची वेळ डोळ्यांनीच ठरवायची. नंतर अंधारात वाळवण.

1.00
ताज्या पेशींची मोजणी: ट्रिपॅन ब्लूने मेलेल्या निळ्या होतात. मग खळग्यागणिक दोन लाख जिवंत पेशी. सोबत कुठे जंतूचं परट्युसिस टॉक्सिन, कुठे त्याचंच परटॅक्टिन, कुठे नुसतं माध्यम, तर कुठे सगळ्यांनाच चेतवणारं पीएचए. टॉक्सिन आधी निष्प्रभ केलेलंच हवं. नाहीतर ते लस न घेतलेल्याच्या टी-पेशींनाही डिवचतं आणि खोटी साक्ष मिळते.

2.30
डबा. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात अजून अख्ख्या जंतूंचीच लस आहे. पुण्यात सरकारी दवाखान्यात टोचून घेतलेली मी इथे ‘जुन्या’ गटात बसले असते.

5.00
वाळलेल्या प्लेटा रीडरमध्ये. एक ठिपका म्हणजे प्रतिसाद देणारी एक पेशी. नुसत्या माध्यमातले ठिपके वजा करायचे. तिथेच गर्दी दिसली तर प्लेट बाद. लाखो पेशींतून हाती लागतात त्या मोजक्याच. लहानपणी जुनी लस मिळालेल्यांचा कल इंटरफेरॉन गॅमा या सायटोकाइनकडे, नवी मिळालेल्यांचा आयएल-5 या दुसऱ्या सायटोकाइनकडे. मोठेपणी दोघांना एकच बूस्टर दिला तरी हे पहिलं वळण सहसा सुटत नाही.

रक्तातल्या अँटिबॉडी मोजणं याहून कितीतरी सोपं. पण अमुक पातळीच्या वर माणूस सुरक्षित, असा सर्वमान्य आकडा डांग्या खोकल्याला अजून नाही. एकट्या माणसाचे ठिपकेही त्याचं भविष्य सांगत नाहीत. दोन गट शेजारी ठेवले की लसीचा स्वभाव कळतो.

6.00
उद्यासाठी प्लेटा पहिल्या अँटिबॉडीने कोट करून फ्रीजमध्ये: एक इंटरफेरॉनची, एक आयएल-5 ची. काम दुप्पट होतं. पण एकच कोट केली, तर त्या एका वाटेने किती पेशी निघाल्या एवढंच कळेल. कल कुठल्या बाजूला आहे, हे सुटून जाईल.