क्षेत्रवास, पेन्शन आणि वाई

मुदतीआधी नोकरी सोडली तेव्हा पुण्याचा फ्लॅट विकून वाईला कायमचे राहायला जावे, असे माझ्या मनाने घेतले. पत्नी सावध. "आधी भाड्याने राहून बघू," म्हणाली. म्हणून मधल्या आळीत दोन खोल्या घेतल्या. माझी पदवी वाणिज्य शाखेची. इतिहास मी वाचत वाचत शिकलो. त्यामुळे घराचा निर्णय अडला, तेव्हा सवयीने जुन्या काळात शिरलो. उतारवयात माणसे अशा गावी का जात, आणि गेल्यावर त्यांचे भागे कसे?

आपल्याकडे याला 'क्षेत्रवास' हा शब्द आहे. पेशव्यांच्या घरातच पाहा. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांची लेक. पण त्यांची अखेरची वर्षे गेली गोदाकाठी, नाशिक परिसरात. सालबाईच्या तहानंतर राघोबादादा कोपरगावी गेले. दुसरा बाजीराव 1818 नंतर वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनीवर गंगेकाठी ब्रह्मावर्तास राहिला, तो 1851 साली मरेपर्यंत. यामागे राजकारण होते, स्वेच्छा थोडीच. पण तिघांच्याही वाट्याला नदीकाठचे क्षेत्रच आले. अशा वास्तव्याला नदी आणि देऊळ पुरत नाही. वैद्य लागतो, पुरोहित लागतो, स्वयंपाकी लागतो आणि बाहेरून नियमित येणारा पैसा लागतो. क्षेत्राचे गाव या पैशावर उभे राहते.

वाईचे रूप असेच घडले. गणपतराव रास्ते यांनी 1762 साली महागणपतीचे देऊळ बांधले. पर्यटक ढोल्या गणपतीची भव्य मूर्ती पाहतात आणि परततात. मी मात्र देवळाच्या मागच्या बाजूला फार वेळ उभा राहिलो. ती भिंत माशासारखी निमुळती होत गेली आहे, ती कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगावे म्हणून. नदी फक्त हिवाळ्यात पाहिलेल्या माणसाला हे सुचणार नाही. बांधणाऱ्याने बाराही महिन्यांचा हिशेब केला होता.

बारा महिन्यांचा हिशेब इंग्रजांनाही करावा लागला. महाबळेश्वर थंड खरे, पण तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाळ्यात राहणे कठीण. डोंगररांगेने पूर्वेकडे थोडे सरकले की तो झपाट्याने कमी होतो. पाचगणीत जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलो की हजाराच्याही आत. 1860 च्या दशकात जॉन चेसन यांनी पाचगणी वसवली, तेव्हा वर्षभर राहता येईल अशी हवा हेच तिचे मोठे आकर्षण होते. निवृत्त गोऱ्यांना ती सोयीची वाटली. आज पुण्या-मुंबईचा पेन्शनर वाईकडे वळतो, त्यामागेही हाच उतार आहे. आणि महाबळेश्वरला जाणारी गर्दी गावाच्या अंगावरून जाते, तीही त्याच घाटरस्त्याने.

बाहेरून येऊन वाईचे झालेल्यांची आणखी एक परंपरा आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मूळचे धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि इथलेच झाले. धर्मकोशाचे काम इथे चालले, 'नवभारत' इथून निघाले, मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली इथूनच सिद्ध झाला. मोठ्या शहरात नसलेली ही कामे या गावात झाली, म्हणून वाचणाऱ्या माणसाला इथे आजही सोबत मिळते. वसंत व्याख्यानमालेत शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी गृहस्थ वक्त्याची चूक कानात सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी घाटावर भेटून पुराव्याचे पुस्तक देतो. निवृत्तीनंतर देखाव्याची सवय महिनाभरात होते; मग अशी माणसेच लागतात.

एवढे सगळे जमेच्या बाजूला लिहून झाले होते. मग मे महिन्यातल्या एका रविवारी पत्नीच्या छातीत दुखू लागले. जे अंतर ती भाजीची पिशवी घेऊन दहा मिनिटांत चालते, त्याला रिक्षाने पाऊण तास लागला. पुढेमागे पर्यटकांच्या गाड्या. कुणाचा दोष म्हणावा? दोन वर्षांपूर्वी पाहुणे म्हणून आम्हीही अशाच रांगेत होतो. निघाले ते पित्त. पण तपासण्यांसाठी साताऱ्याला जावे लागले, आणि त्या पाऊण तासात तिचा हात धरून बसलो असताना मला ना रास्ते आठवले ना चेसन.

त्यानंतर मी हिशेब नव्याने मांडला. पाहुण्यांच्या पैशाने गाव जगते हे खरे, पण तो पैसा दोन दिवसांच्या गरजा ओळखतो. आमच्या आळीतले किराणा दुकान बंद होऊन तिथे स्ट्रॉबेरी क्रीमचा काउंटर आला. क्षेत्रवासी वर्षभर राहायचा, म्हणून वैद्यही वर्षभर टिकायचा. निवृत्तीसाठी गाव पाहायचे तर दिवाळीनंतरच्या गुलाबी थंडीत पाहू नये. मे महिन्यातल्या रविवारी जावे आणि दवाखाना, औषधाचे दुकान, बँक पायी गाठून बघावी.

आम्ही पुण्याचा फ्लॅट विकला नाही. वाईत दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर दुसरी जागा भाड्याने घेतली. तिथून कृष्णा दिसत नाही. गर्दीच्या मे महिन्यात पुण्याला जातो. जुन्या घराच्या मालकीणबाई, वय ऐंशीच्या पुढे, यंदा पत्नीला म्हणाल्या, "पाव्हणे आले की तुम्ही जाता, पाव्हणे गेले की येता. मग तुम्हाला धरायचं कशात?"

पत्नी हसली. मला अजून उत्तर सुचलेले नाही.