मैदान आणि शरीर (भाग ५) : एका हाताचा विश्वविजेता

गेल्या आठवड्यात आपण ब्राझीलच्या गारिंशाचे वाकडे पाय पाहिले. आज हाताकडे वळू. फुटबॉल पायांचा खेळ, तिथे हाताचे काय अडते, असे वाटणे साहजिक आहे. अडते, आणि बरेच अडते. तरीही पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला शेवटचा गोल ज्याच्या नावावर आहे, त्या खेळाडूला उजवा पुढचा हात नव्हता. उरुग्वेचा हेक्टर कास्त्रो हे त्याचे नाव.

कास्त्रोचा जन्म १९०४चा, माँटेव्हिडिओचा. आईवडील स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातून आलेले, घरची स्थिती बेताची. त्यामुळे शाळकरी वयातच तो कामाला लागला. तेराव्या वर्षी विजेच्या करवतीवर काम करताना त्याचा उजवा हात कोपराखाली तुटला. पण चेंडू सुटला नाही. लिटो या छोट्या क्लबातून तो नासिओनाल या देशातल्या बलाढ्य क्लबात पोचला, तिथून राष्ट्रीय संघात. १९२६ची दक्षिण अमेरिकन स्पर्धा आणि १९२८चे ॲमस्टरडॅम ऑलिंपिक जिंकणाऱ्या उरुग्वे संघांत तो होता. लोक त्याला ‘एल मांको’, म्हणजे थोटा, म्हणत आणि पुढे त्याच नावामागे ‘दिव्य’ हे विशेषणही लागले.

आता हाताच्या कामाकडे येऊ. धावताना डावा पाय पुढे गेला की उजवा हात पुढे येतो. धडाचा तोल त्यामुळे राहतो. हेडरसाठी उडी मारताना दोन्ही हात वर झोकले जातात, त्यातून उंची मिळते. पाठीवर बचावपटू असताना चेंडू राखायचा तर पसरलेला हातच त्याचे अंतर ओळखतो. पडताना शरीर सावरतो तोही हातच. शिवाय थ्रो-इन दोन्ही हातांनी आणि डोक्यावरूनच करावा लागतो. ते काम अशा वेळी सहकाऱ्याकडे जाते. म्हणजे पुढचा हात नसलेला आघाडीपटू धावणे, उडी, धक्काबुक्की हे सगळे वेगळ्या हिशेबाने शिकतो. कास्त्रोला हा हिशेब कोवळ्या वयात मांडता आला. शरीर वाढत असतानाच त्याचा खेळ त्या शरीराभोवती घडला.

मोठ्या वयात हात गेला तर काय होते, हे जर्मनीच्या रॉबर्ट श्लीन्त्सच्या कारकिर्दीत दिसते. स्टुटगार्टचा हा खेळाडू भरात असलेला गोलवीर होता. १९४५-४६च्या हंगामात त्याने ४६ गोल केले होते. ऑगस्ट १९४८मध्ये मोटार अपघातात त्याचा डावा पुढचा हात गेला. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. प्रशिक्षक गेऑर्ग वुर्त्सर यांनी त्याला घरी बसवले नाही, आणि जुन्या जागेवरही अडकवून ठेवले नाही. त्याच्याकडून तोलाचा सराव करून घेतला आणि त्याला आघाडीतून मधल्या फळीत आणले. तिथे अंगाला अंग भिडण्यापेक्षा खेळ वाचण्याला मोल जास्त. पुढे स्टुटगार्टने १९५० आणि १९५२ची राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली, १९५४ आणि १९५८चे चषकही जिंकले. श्लीन्त्स त्या संघाचा कर्णधार होता, आणि पश्चिम जर्मनीकडून तीन आंतरराष्ट्रीय सामनेही खेळला. क्लबच्या एका मैदानाला आज त्याचे नाव आहे.

कास्त्रोची खरी कसोटी १९३०च्या विश्वचषकात लागली. उरुग्वेच्या राज्यघटनेच्या शताब्दीसाठी बांधलेले सेंतेनारिओ स्टेडियम १८ जुलैला खुले झाले. समोर पेरूचा संघ होता. उत्तरार्धात कास्त्रोने गोल केला आणि उरुग्वे १-० ने जिंकला. त्या स्टेडियममधला पहिला गोल त्याचा, विश्वचषकातला उरुग्वेचा पहिला गोलही त्याचाच.

आणि पुढच्याच सामन्यात तो संघाबाहेर! रुमानियाविरुद्ध प्रशिक्षक आल्बेर्तो सुपिची यांनी आघाडीची फळी बदलली. पेद्रो पेत्रोनेसारखा नावाजलेला गोलवीरही वगळला गेला. पेरेग्रिनो आन्सेल्मो आत आला, त्याने रुमानियाविरुद्ध एक आणि उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध दोन गोल केले. ३० जुलैच्या अंतिम सामन्याला मात्र आन्सेल्मो उपलब्ध नव्हता आणि कास्त्रो परतला. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे होता. उत्तरार्धात सेआ आणि इरिआर्ते यांनी उरुग्वेला आघाडी मिळवून दिली, आणि ८९व्या मिनिटाला आलेला क्रॉस कास्त्रोने उडी घेऊन डोक्याने जाळ्यात धाडला. ४-२. ज्या उडीला दोन हातांचा झोक लागतो म्हणतात, त्या उडीवर विश्वचषक पक्का झाला.

या प्रसंगातली माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट गोल नाही, ते वगळणे आहे. कास्त्रोला दयेपोटी संघात ठेवले नव्हते, म्हणून वगळतानाही कोणी अवघडले नाही. हात नाही म्हणून त्याला घेतले नाही, असेही झाले नाही. गरज पडली तेव्हा बोलावले आणि त्याने काम केले. देशासाठी २५ सामन्यांत १८ गोल, १९३५मध्ये पुन्हा दक्षिण अमेरिकन विजेतेपद, आणि निवृत्तीनंतर नासिओनालचा प्रशिक्षक म्हणून १९४० ते १९४३ सलग चार लीग विजेतेपदे. १९६० साली ५५व्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याच्या मागे ही पूर्ण कारकीर्द उभी होती.

आपल्याकडे काय होते? व्यंग असलेल्या मुलाला खेळाच्या तासाला सावलीत बसवले जाते, किंवा संमेलनात त्याच्या दोन किकना टाळ्या वाजवून पुन्हा खाली बसवले जाते. दोन्हींत त्याच्या खेळाकडे कोणी पाहिलेले नसते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ३०ने खेळांतल्या त्यांच्या सहभागाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. पण संघ निवडतो तो शाळेचा क्रीडाशिक्षक आणि गावातला क्लब. त्यांना विनंती एवढीच, की अशा मुलाला आधी चाचणीला उभे करा, त्याच्या शरीराला साजेशी जागा शोधा आणि मग इतरांच्याच कसोटीवर घ्या किंवा वगळा.

पुढच्या भागात कुबड्यांवर खेळल्या जाणाऱ्या अँप्युटी फुटबॉलची ओळख करून घेऊ.