कुवेतचा किनारा आणि आमचा कॅमेरा

कुवेतमधील हौशी छायाचित्रकाराला किनारा टाळता येत नाही. शहराच्या पाठीशी वाळवंट आहे आणि तोंड समुद्राकडे. शुवैखपासून सालमियापर्यंत गल्फ रोडच्या कडेने निघाले, की एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस काचेच्या इमारती सोबत चालत राहतात. आमच्यापैकी काही जण सुटीच्या पहाटे कॅमेरे घेऊन या वाटेने फिरतात. भीमजयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि लेकरांचे वाढदिवस टिपण्यासाठी घेतलेले हे कॅमेरे हळूहळू किनाऱ्याकडे वळले. त्या भटकंतीत जे पाहिले आणि जे मनात आले, त्यातील थोडे येथे मांडतो.

प्रथम प्रकाशाविषयी. कुवेत शहर खाडीच्या दक्षिण काठावर वसले आहे, त्यामुळे मुंबईच्या मरीन ड्राइव्हप्रमाणे येथे सूर्य समोरच्या पाण्यात बुडत नाही. सूर्यास्त हवा असेल तर शहराच्या पूर्वेस, ग्रीन आयलंड किंवा सालमियाच्या बाजूस जाऊन मागे वळून पाहावे लागते. तेथून सूर्य इमारतींच्या आड उतरताना दिसतो. जूनमध्ये तो वायव्येकडे सरकून कुवेत टॉवर्सच्या दिशेने येतो, डिसेंबरात मात्र शहराच्या आतल्या अंगाला मावळतो. सूर्योदयासाठी शुवैखचा किनारा बरा. ४१३ मीटर उंचीचा अल हमरा टॉवर आणि त्याच्या भोवतालची उंच इमारतींची दाटी तेथून पूर्वेच्या उजेडावर उमटते. ओहोटीचे वेळापत्रकही पाहून ठेवावे. खाडी उथळ आहे. मोठ्या ओहोटीला पाणी तीन मीटरांहून अधिक उतरते, सुलैबिखातकडे चिखलाचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात आणि हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात.

कुवेत टॉवर्सचे छायाचित्र काढले नाही असा परदेशी माणूस येथे सापडणे कठीण. तीन मनोरे, त्यांपैकी दोघांवर निळ्या-हिरव्या चकत्यांनी मढवलेले गोल. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या माले़ने ब्यर्न या स्त्री-वास्तुशिल्पीने त्यांची रचना केली आणि १९७९ साली ते लोकांसाठी खुले झाले. सर्वांत उंच मनोरा १८७ मीटरांचा. निरनिराळ्या छटांच्या हजारो चकत्या गोलांवर बसविलेल्या असल्यामुळे दिवसाच्या प्रत्येक प्रहरी त्यांचा रंग वेगळा दिसतो. ढगाळ दिवशी ते जवळजवळ राखाडी होतात आणि आमच्या मते तेव्हाच अधिक शोभतात.

पण हे मनोरे मुळात पाण्याच्या टाक्या आहेत, हे किती जणांच्या ध्यानात येते? मोठ्या मनोऱ्याच्या खालच्या गोलाचा अर्धा भाग आणि दुसऱ्या मनोऱ्याचा गोल, दोहोंत मिळून नऊ हजार घनमीटर पाणी मावते. शहरात इतरत्र निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, छत्रीसारख्या ज्या एकतीस टाक्या दिसतात, त्याच योजनेचा हा अखेरचा भाग. या साऱ्या जलमनोऱ्यांना १९८० साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. ज्या गावाला गोडे पाणी पुरत नव्हते, ज्याने कित्येक वर्षे शत्त-अल-अरबचे पाणी गलबतांतून आणून तहान भागवली आणि १९५३ पासून समुद्राचे पाणी गोडे करून पिण्यास आरंभ केला, त्या देशाने आपली ओळख म्हणून पाण्याची टाकी निवडली. आमच्या घरांतील लेकरांना २० मार्च १९२७ ही तारीख पाठ असते. चवदार तळ्याचे पाणी सर्वांसाठी आहे हे न्यायालयातून कायम होण्यास पुढे १९३७ साल उजाडावे लागले, हेही आम्ही त्यांना सांगतो. त्या लेकरांना घेऊन टॉवर्सपाशी जाताना आम्ही त्यांना कॅमेरा देतो आणि आधी टाकी कोणती ते ओळखायला लावतो. पाणी हा ज्यांच्या इतिहासाचा विषय आहे, त्यांना हे मनोरे निव्वळ शोभेचे वाटू नयेत.

उन्हाळा मात्र परीक्षा पाहतो. थंड गाडीतून कॅमेरा बाहेर काढताच भिंगावर बाष्प धरते, म्हणून तो पिशवीतच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेशी जुळू द्यावा लागतो. ‘तोझ’ म्हणजे धुळीचे वादळ उठले असेल तर उघड्यावर भिंग बदलण्याचे धाडस करू नये. बारीक धूळ आत गेली की पुढच्या प्रत्येक आकाशात तिचे ठिपके दिसतात. कुवेतच्या मित्रिबाह येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ती नोंद पुढे मान्य केली. अशा उन्हामुळे १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत उघड्यावर काम करवून घेण्यास येथे बंदी असते. परिणामी उन्हाळ्यातील बरेच काम पहाटेकडे सरकते. जूनमध्ये पाच वाजण्याच्या आत सूर्य वर येतो. छायाचित्रकार ज्या घटकेला सोनेरी म्हणतो, तीच किनारा झाडणाऱ्याची, फरशी बसवणाऱ्याची, झाडांना पाणी घालणाऱ्याची ऐन कामाची घटका असते. त्यामुळे किनाऱ्यावरील आमच्या चौकटीत तो येतोच. प्रश्न असतो तो कसा येतो याचा.

सर्वांत सोपी रीत ही, की सूर्य समोर ठेवावा आणि माणसाला त्याच्या आड उभे राहू द्यावे. कॅमेरा आकाशाचा उजेड मोजतो, आकाश केशरी येते आणि माणूस काळी आकृती होतो. खांद्यावर झाडू, मागे मनोरे, पाण्यावर सोने. असे चित्र पाहणाऱ्याला आवडते, स्पर्धेत निवडलेही जाते. त्यात अवघड काही नसते. माणसाची परवानगीसुद्धा घ्यावी लागत नाही, कारण तो ओळखू येत नाही. आम्हाला मात्र नेमकी हीच गोष्ट खटकते. आमच्या आजोबा-पणजोबांपैकी कितीकांचे एकही छायाचित्र घरात नाही. गावच्या जुन्या चित्रांत ते असलेच तर कडेला, तोंड वळवलेले, नाव नसलेले. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी आहेत, पण ज्या आजीने त्या तसबिरी जत्रेतून पदराआड जपून आणल्या तिचा चेहरा नातवंडांनी पाहिलेला नाही. अशा घरांतून आलेल्या माणसाने पहाटे काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाची काळी आकृती करावी आणि तिला सुंदर म्हणावे, हे आमच्या गळी उतरत नाही.

चेहरा आणायचा तर कष्ट पडतात. कॅमेऱ्याचे मोजमाप मध्यम करड्या छटेवर बेतलेले असते. उजळ पाणी, पांढरा दिश्दाशा किंवा चकाकती फरशी चौकटीत असली की तो उजेड कमी करतो आणि सावळ्या वर्णाचा चेहरा पहिल्यांदा बुडतो. हा दोष जुना आहे. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा रंग जुळवण्यासाठी ज्या नमुनाचित्रांचा वापर करीत, त्यांवर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे आणि त्या चित्रांना ‘शर्ली’ म्हणत. जगातील बहुसंख्य त्वचा त्या मापात बसत नव्हती. आता यंत्रे सुधारली, तरी सवय उरली आहे. आम्ही उजेड चेहऱ्यावर मोजतो आणि आकाश पांढरे पडले तर पडू देतो. माणसाला सूर्याकडे पाठ करून उभे करण्याऐवजी तिरके उभे राहण्यास सांगतो, जेणेकरून समुद्रावरून परतणारा उजेड गालावर येईल. एखाद्याचा पांढरा सदरा जवळ धरला तरी सावलीत पुरेसा उजेड मिळतो. आकाशाचे रंग गेल्याची हळहळ छायाचित्रकाराला वाटते, चित्रातील माणसाला नाही.

ही वाट आधी कुणी चाललेले नाही असे नाही. आमच्यापैकी अनेकांना सुधारक ओलवे यांच्या कामाने या छंदाकडे आणले. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची त्यांची कृष्णधवल छायाचित्रे ज्याने पाहिली, त्याला गटारातून वर आलेल्या माणसाची नजर विसरता येत नाही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. याच कुवेतच्या किनाऱ्यावरही असे उदाहरण आहे. ॲलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन खलाशी १९३८ च्या अखेरीस एडनहून एका कुवेती गलबतावर चढला, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याने फिरून १९३९ मध्ये कुवेतला पोहोचला आणि त्या उन्हाळ्यात मोती काढणाऱ्यांच्या ताफ्यातही गेला. शिडे आणि डोलकाठ्या त्याने भरपूर टिपल्या, पण दोर ओढणारे, विसावलेले, पाण्यातून वर आलेले पुरुषही तितक्याच जवळून टिपले. हे पाणबुडे नाखव्याच्या कर्जात बांधलेले असत. हंगामाआधी उचल, हंगामानंतर हिशेब, आणि फिटले नाही तर पुढचा हंगाम पुन्हा त्याच्याच गलबतावर. बापाचे कर्ज मुलाकडे येई. आम्हाला येथे महारकी वतनाची आठवण होणे साहजिक आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसाला राबवून घेणाऱ्या त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. दोन्ही व्यवस्था एकसारख्या नव्हत्या, कारण कर्जाला निदान आकडा असतो, जातीला तोही नसतो. तरी व्हिलियर्सची छायाचित्रे पाहताना त्या पाणबुड्यांचे डोळे आम्हाला परके वाटत नाहीत.

कायद्याचे भान ठेवावे लागते, हे नव्याने आलेल्या बांधवांसाठी स्पष्ट लिहितो. लष्करी ठिकाणे, तेलाची केंद्रे, विमानतळ आणि सरकारी इमारती यांवर कॅमेरा रोखू नये. कुटुंबे आणि स्त्रिया यांचे छायाचित्र विचारल्याशिवाय कदापि घेऊ नये. २०१० मध्ये मोठ्या कॅमेऱ्यांवर सार्वजनिक ठिकाणी बंदी आल्याची बातमी येथील एका इंग्रजी दैनिकात छापून आली आणि जगभर पसरली. पुढे त्या दैनिकानेच ती मागे घेतली, तरी आजही कुणी ना कुणी ती खरी धरून चालतो. मोठा कॅमेरा पाहून लोक सावध होतात हे मात्र खरे. कामगाराला विचारताना आम्ही आधी कॅमेरा खाली ठेवतो. हिंदी बहुतेकांना समजते, मग तो बांगलादेशचा असो वा नेपाळचा. तो नको म्हणाला तर विषय संपला. मुकादमाची भीती काय असते, हे ठेकेदाराकडे काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. हो म्हणाला तर छायाचित्र त्याच्या भ्रमणध्वनीवर पाठवल्याखेरीज आम्ही तेथून हलत नाही. चित्र त्याचे आहे, आधी त्याच्याकडे गेले पाहिजे.

येथवर गोष्ट छायाचित्रकाराची झाली. पण किनाऱ्यावरची सर्वाधिक छायाचित्रे छंद म्हणून काढलेली नसतात, ती घरी पाठवण्यासाठी काढलेली असतात. मागे टॉवर्स, डोळ्यांवर गॉगल, अंगात सुटीच्या दिवसाचा कोरा सदरा. ते चित्र नागपूर, अकोला, बीडच्या वस्तीत पोहोचते, चार घरांत फिरते, आणि एखादा भाऊ दलालाकडे चौकशीला जातो. चित्र खोटे नसते. तो माणूस तेथे उभा होता, समुद्रही होता. मात्र एका खोलीत किती जण झोपतात, व्हिसा कंपनीचा आहे की घरकामाचा, पगार वेळेवर होतो का, हे त्यात दिसत नाही. १२ जून २०२४ च्या पहाटे मंगफ येथे परदेशी कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि पन्नासच्या आसपास माणसे दगावली. त्यांपैकी बहुतेक भारतीय होते. मंगफ हा किनाऱ्यालगतचाच भाग आहे. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून जी छायाचित्रे आली, त्यांतील कितीतरी अशीच होती. नातेवाइकांनी दिलेली, हसरी, सुटीच्या दिवशी काढलेली.

तेव्हापासून आमच्यापैकी काही जण घरच्यांना दोन छायाचित्रे पाठवतात, एक किनाऱ्याचे आणि एक खोलीचे. खोलीचे पाठवताना मन कचरते. आई काळजी करील, शेजारी हसतील. पण ज्या धाकट्या भावाला येथे यायचे आहे, त्याला दलालाच्या शब्दापेक्षा त्या दुसऱ्या छायाचित्रातून अधिक कळते. नोंदणीकृत दलालच गाठ, करारपत्र वाचल्याशिवाय सही करू नकोस, हे मग त्याला सांगणे सोपे जाते.

गेल्या हिवाळ्यात शर्कच्या बंदरात, मासळी बाजाराच्या मागे, जेथे गलबतांवर ‘गरगूर’ म्हणजे तारेचे घुमटाकार सापळे रचून ठेवलेले असतात, तेथे आपला एक गुजराती खलाशी भेटला. रात्रभर काम करून परतला होता. त्याच्या हाताशी झुबैदी, म्हणजे आपली पापलेट, बर्फात लावून ठेवलेली होती. छायाचित्र काढू का विचारले, तर थांबा म्हणाला आणि आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तो तोंड धुऊन, भांग पाडून, दुसरा सदरा घालून. आम्ही त्याला सापळ्यांपाशी उभे करू लागलो, कारण तेथे उजेड उत्तम होता. त्याने मान हलवली. त्याला मागे गलबत नको होते, टॉवर्स हवे होते. आम्ही दोन्ही काढली, दोन्ही त्याच्या भ्रमणध्वनीवर पाठवली. त्याने तेथेच उभ्या उभ्या ती बोटांनी मोठी करून पाहिली, दोन्हींत स्वतःचा चेहरा नीट न्याहाळला, आणि मासे उतरवायला गेला.