अनोळखी घास

घरच्या पंगतीत एखादा नवा पदार्थ वाढला गेला की काय होते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. कोणी तो आधी हुंगून पाहतो, कोणी बोटाने ताटाच्या कडेला सारतो, लहान मूल तोंड घट्ट मिटून घेते, आजोबा “हे काय नवीन काढलं?” असे विचारतात, आणि जिने दोन तास खपून तो पदार्थ केला ती बाई काही न बोलता सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहते. ही गोष्ट हसून सोडून देण्याजोगी नाही. घरातल्या माणसांच्या अंगी काय लागते आणि रांधणाऱ्या हाताला मान मिळतो की नाही, या दोन्ही गोष्टी अशा घासांवर ठरत असतात.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, नव्या अन्नाची भीती हा मूर्खपणा नव्हे. आपल्या जालन्यात रेशीमकोषांची बाजारपेठ आहे. तेव्हा रेशमाची अळी आपल्या परिचयाची आहे. तिला तुतीचे पान मिळाले की तिचा प्रश्न सुटला. माणूस मात्र सर्वभक्षी. त्याला नाना प्रकारचे अन्न खाल्ल्यावाचून भागत नाही, आणि नवे काही तोंडात घालावे तर ते विषारी असण्याचा धोका. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली हा सर्वभक्षी प्राण्याचा पेच नीट मांडून दाखविला. दोन वर्षांचे मूल, जे कालपर्यंत हाती येईल ते तोंडात घालीत होते, ते एकाएकी भाजीला तोंड फिरवू लागते. त्याचे कारणही यातच असावे. मूल चालू लागले, आईच्या नजरेआड जाऊ लागले, की दिसेल तो पाला न खाण्यातच त्याचे हित असते. आपण त्याला हट्टी म्हणतो. निसर्ग त्याला सावध म्हणत असेल.

या सावधपणाची दुसरी बाजू जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग करून दाखविली. सॅकरीनचे गोड पाणी पिणाऱ्या उंदरांवर त्याच वेळी त्यांना आजारी पाडणारे किरण सोडले. पुढे ते उंदीर त्या गोड पाण्याला शिवेनासे झाले. पाण्याचा काही दोष नव्हता; पण चव आणि यातना यांची गाठ एकदा पडली ती सुटेना.

माणसाच्या बाबतीत अशी गाठ केवळ पोटाच्या दुखण्याने पडते असे नाही. १९७२ चा दुष्काळ आठवा. तेव्हा जालना हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. आपला भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. गावोगाव खडी फोडण्याची, पाझर तलावांची कामे चालू होती आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, म्हणजे ‘मिलो’, मिळत होती. आजही वडीलधाऱ्या मंडळींसमोर हा शब्द उच्चारावा, त्यांची मुद्रा पालटते. आता गंमत अशी की, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मिलो आणि आपली शाळू ज्वारी ही एकाच जातीची धान्ये आहेत. फार काय, ज्वारी हीच मुळात आफ्रिकेतून काही हजार वर्षांपूर्वी इकडे आलेली. तरीही मोत्यासारख्या पांढऱ्या ज्वारीवर वाढलेल्या माणसाला ती तांबूस, राठ भाकरी परकी वाटली. रंग वेगळा, वास वेगळा, आणि ते धान्य तिकडे मुख्यतः जनावरांना घालतात ही कुणकुण लागलेली. माणूस भुकेपोटी ते खात होता. निवडून खात नव्हता. घासाबरोबर लाचारी गिळावी लागली की तो घास पुढे पन्नास वर्षे कडू लागतो. त्याच कामांवर मिळणारी भाजलेल्या पिठाची सुकडी मात्र पुष्कळांना गोडीने आठवते. गोड चवीची आवड माणूस जन्मतःच घेऊन येतो, तिला ओळख लागत नाही.

मग परके अन्न आपल्या घरात कधी रुळतच नाही काय? रुळते, आणि असे रुळते की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहत नाही. मिरची, बटाटा, भुईमूग, पपई ही सारी मंडळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीज येण्यापूर्वी ती आपल्या देशात नव्हती. ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. मिरचीवाचून ठेचा नाही आणि ठेच्यावाचून भाकरी नाही, असे आपण मानतो. पण भाकरी मिरचीहून कितीतरी जुनी आहे. मिरचीला जागा मिळाली याचे कारण ती जागा तयार होती. मिरी आणि पिंपळी यांचा तिखटपणा जिभेला ठाऊक होता. नवी वस्तू त्या जागी बसली आणि नावही मिऱ्यावरूनच घेऊन बसली. बटाट्याला जिरे-मोहरीच्या फोडणीत घातले, भुईमुगाचे कूट करून भाजीत मिसळले, आणि ते घरचे झाले. अधिक मौज पाहायची तर एकादशीचे ताट पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, त्यातले दाणे तिकडचे, मिरची तिकडची, बटाटा तिकडचा! सोवळ्यात बसून आपण जे खातो त्याला समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त कोणी दिले नाही.

तात्पर्य, नवा जिन्नस जुन्या वेषात आला तर जीभ त्याला आत घेते. याची उलट साक्ष आपल्या शिवारातच उभी आहे. खरिपात आपल्याकडे रानेच्या राने सोयाबीनची असतात. डाळीच्या जवळजवळ दुप्पट प्रथिने त्या दाण्यात आहेत. पण ते पोत्यात भरून आडतीवर जाते आणि घरी परतते ते तेलाच्या पिशवीतून. वरणात ते का गेले नाही? एक तर ते तुरीसारखे शिजून घोटले जात नाही. दुसरे, कच्चा दाणा भिजवून वाटला की त्यातल्या एका घटकामुळे त्याला एक उग्र, हिरवट वास सुटतो, आणि त्या वासाला आपल्या स्वयंपाकात जुनी जागा नाही. शिवाय कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडविणारी द्रव्ये असतात. ती उष्णतेने निकामी होतात. म्हणून दाणे आधी उकळत्या पाण्यात टाकून चांगले उकळावेत, वाळवावेत, आणि दहा भाग दळणात एक भाग या बेताने मिसळावेत. चव फारशी बदलत नाही. ज्या घरात मुले हाडकुळी आहेत आणि अंगणात सोयाबीनची थप्पी लागली आहे, त्या घराने तरी हे करून पाहावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुलांविषयी आणखी थोडे. एकदा नको म्हटले म्हणजे मुलाला तो पदार्थ आवडतच नाही, असा निकाल आपण घाईने देतो. लीन बर्च आणि डायन मार्लिन यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी फळे आणि चीज पुन्हा पुन्हा चाखावयास दिली. कोणता पदार्थ दोनदा, कोणता पाच, दहा, पंधरा, तर कोणता वीस वेळा. जो अधिक वेळा चाखला तो अधिक आवडू लागला. आपण तिसऱ्या वेळीच थांबतो. त्याहून वाईट म्हणजे लालूच. “मेथी संपव, मग गूळ देते” असे म्हटले की मुलाचे गणित सोपे असते: ज्यासाठी बक्षीस द्यावे लागते ती वस्तू वाईटच असली पाहिजे. बक्षिसासाठी प्यायलेले नवे पेय मुलांना पुढे कमी आवडते, असे बर्च यांच्याच १९८४ च्या प्रयोगात दिसून आले. तेव्हा चिमूटभर वाढावे, आग्रह करू नये, आणि वाढणाऱ्याने स्वतः त्याच ताटात जेवावे. गर्भारपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतलेल्या मातांची मुले पहिल्या उष्टावणाच्या वेळी गाजराची चव सहज स्वीकारतात, असेही २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. बाळंतिणीचा आहार महिनोन्‌महिने चार जिनसांत कोंडून ठेवणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

परंतु काही वेळा तक्रार पदार्थाची नसतेच. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहा प्यायली, त्यावरून ग्रामण्य माजले आणि पुढे प्रायश्चित्ते झाली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते; पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे तेच. टिळकही होते. तो तंटा चहाच्या चवीचा नव्हता. कोणाच्या घरी, कोणाच्या हातचा, याचा होता. हा तंटा आपल्या माजघरातून अजून पुरता गेलेला नाही. खानदेशातली किंवा कोकणातली मुलगी सून म्हणून येते, हौसेने तिच्याकडचे शेवभाजी, सोलकढी करते, आणि घर म्हणते, “आमच्यात असं करत नाहीत.” नावडतीचे मीठ अळणी, ही म्हण उगाच झालेली नाही. तिच्या येसर आमटीला नावे ठेवण्यापूर्वी हेही पाहावे की, येसर हा शब्द तरी तिने माहेरी ऐकला होता काय. आणि एक सूचना: नवा पदार्थ केला त्या दिवशी करणारीने शेवटी, निवल्यावर, उरलेले खात बसू नये. तिने पहिल्या पंगतीत बसावे. ती चवीने खाताना दिसली की निम्मी शंका आपोआप जाते.

इकडे चक्र उलटेही फिरू लागले आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि शहरांतल्या उपाहारगृहांत ज्वारीला मान आला. पण पुण्याहून सुटीत तीर्थपुरीला आलेला नातू भाकरीकडे तसाच पाहतो, जसे त्याचे पणजोबा मिलोकडे पाहत असत. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी ही नावे त्याला परदेशी वाटतात. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून भाकरी निवली की कडक होते, आणि नेमकी निवलेली भाकरीच त्याच्या ताटात पडते. त्याला चुलीपाशी बसवावे, उकळत्या पाण्यात मळलेल्या पिठाची भाकरी फुगताना दाखवावी, पापुद्रा उचलून त्यावर तूप-मीठ घालून हातावर द्यावा. पहिल्या दिवशी तेवढेच पुरे. धपाटे तिसऱ्या-चौथ्या दिवशी करावे. ठेच्याची घाई मुळीच करू नये.